एका जिल्ह्यातली तीन दारे

वर्धा शहरातून पूर्वेला निघाले की सात-आठ किलोमीटरवर सेवाग्राम लागते. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ साली, डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. देशातले ग्रामीण भागातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय म्हणून तिची ओळख आहे. शहराच्या दुसऱ्या अंगाला सावंगी (मेघे) येथे १९९० साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आता अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. आणि शहराच्या कडेला, टेकड्यांच्या परिसरात, संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. तिन्ही ठिकाणे एका सकाळीत पाहून होतात. तिन्ही ठिकाणी प्रवेशाचा नियम मात्र वेगळा.

आर्वी तालुक्यातल्या एखाद्या धनगर घरातला मुलगा डोळ्यांसमोर आणा. सेवाग्रामच्या दारात, म्हणजे राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत, तो ‘भटक्या जमाती – क’ या प्रवर्गात येतो. त्या प्रवर्गाला साडेतीन टक्के जागा आहेत. हिंदी विश्वविद्यालयाच्या दारात तो इतर मागासवर्गीय होतो, कारण केंद्राच्या यादीत भटक्यांचा स्वतंत्र प्रवर्गच नाही. तिथे २७ टक्क्यांच्या मोठ्या रांगेत त्याला उभे राहायचे आहे. सावंगीला एमबीबीएसच्या प्रवेशासाठी त्याची जात कुणी विचारणार नाही. अभिमत विद्यापीठांतल्या जागा देशपातळीवरच्या ‘नीट’च्या यादीतून भरल्या जातात, तिथे जातीचे आरक्षण नाही, आहे ते शुल्क, आणि अनिवासी भारतीयांसाठी ठेवलेल्या पंधरा टक्के जागा. मुलगा तोच, घर तेच, बारावीचा अभ्यासही तोच. दार बदलले की त्याच्या नावापुढचा शिक्का बदलतो.

विद्यापीठ प्रवेशातल्या जातनिहाय आरक्षणावर मराठीत लिहिले-बोलले गेले आहे ते पुष्कळदा दिल्लीकडे तोंड करून: मंडल, ‘एम्स’मधली आंदोलने, सर्वोच्च न्यायालय. ते सगळे महत्त्वाचे आहे आणि पुढे त्याचा विचार येईलच. पण या संग्रहाची प्रस्तावना मला वर्ध्यापासून करावीशी वाटते. कारण या जिल्ह्यात एक गोष्ट नजरेला सहज दिसते: उच्च शिक्षणातली प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या नियमाने वाटलेली असते. कधी गुणांनी, कधी रहिवासाने, कधी शाळा कुठल्या विभागात झाली त्यावरून, कधी पैशाने, कधी जातीने. या सगळ्या नियमांतून आपण एकच उचलतो, त्यालाच आरक्षण म्हणतो आणि भांडण तेवढ्यावर करतो. उरलेल्या नियमांना नाव नसते, म्हणून ते आपल्याला नियम वाटतच नाहीत. माझे या प्रस्तावनेतले म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी शेवटपर्यंत धरून ठेवणार आहे.

हा वाद भारतीय प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे आणि तो जन्मला वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशाच्या दारातच. मद्रास प्रांतात महाविद्यालयांच्या जागा समाजांमध्ये वाटून देणारा जुना सरकारी आदेश होता. त्याला आव्हान मिळाले आणि १९५१ साली चंपकम दोराईराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि कलम १५ मध्ये चौथे पोटकलम आले. आजच्या शैक्षणिक आरक्षणाचा पाया तो. पुढे १९६२ साली बालाजी खटला, तोही म्हैसूर राज्यातल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाचा. पन्नास टक्क्यांच्या आसपास मर्यादा असावी हा विचार तिथून आला, आणि १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने तो पक्का केला. नोकऱ्यांच्या आरक्षणाची चर्चा मोठ्या आवाजात होते, पण घटनेची अक्षरे पहिल्यांदा बदलायला लावली ती प्रवेशाच्या जागांनी.

वर्ध्याचा या इतिहासाशी संबंध त्याआधीपासूनचा. जमनालाल बजाज यांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ च्या जुलैमध्ये अस्पृश्यांसाठी खुले केले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. तो सगळ्यांना राखीव मतदारसंघांसाठी आठवतो, पण त्यातले शेवटचे कलम शिक्षणाचे आहे: प्रत्येक प्रांताने आपल्या शिक्षण अनुदानातून पुरेशी रक्कम दलितांच्या शिक्षणाच्या सोयींसाठी बाजूला ठेवावी. वर्षभराने, ७ नोव्हेंबर १९३३ रोजी, गांधीजींची हरिजन यात्रा वर्ध्याहून निघाली. १९३६ साली ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. करारावर ज्यांच्या दोन बाजू होत्या त्या गांधी-आंबेडकरांचे अनुयायी या जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या शेजारी राहत आले आहेत. एका गावात आश्रमाची प्रार्थना आणि दुसऱ्या टोकाला बुद्धविहारातली वंदना, असे चित्र इथे नवे नाही. दोन्ही घरांतली मुले एकाच प्रवेश यादीत आपले नाव शोधतात.

त्या बुद्धविहारातल्या मुलांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा शेजारच्या वर्धा जिल्ह्यातली गावेच्या गावे त्या वाटेने गेली. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश तेव्हा फक्त हिंदूंना आणि शिखांना लागू होता. बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या दृष्टीने अनुसूचित जातीत उरला नाही. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर लगेच नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, म्हणून इथली एक पिढी शिकू शकली. केंद्राच्या संस्थांत मात्र त्यांना १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी आदेशात बौद्धांचा समावेश झाला. म्हणजे धर्म बदलला म्हणून चौतीस वर्षे केंद्रीय संस्थांतली राखीव जागा नाही, आणि गावात मात्र घर त्याच वस्तीत. आरक्षण तीन पिढ्या मिळते आहे, आता पुरे, असे म्हणणाऱ्यांनी ही चौतीस वर्षे हिशोबात धरावीत असे मला मनापासून वाटते.

आता सेवाग्राम. या संस्थेच्या प्रवेशाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गुणवत्ता म्हणजे काय हा प्रश्न तिथे फार आधी आणि फार प्रामाणिकपणे विचारला गेला होता. संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असे. भौतिक, रसायन, जीवशास्त्र तर होतेच, पण त्याबरोबर गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाने गांधी वाचून यायला हवे, ही अट देशात इतरत्र कुठे नव्हती. जागांपैकी निम्म्या महाराष्ट्रासाठी आणि निम्म्या उरलेल्या देशासाठी. राखीव जागा होत्याच. प्रवेश झाला की नव्या मुलांनी सुरुवातीचे दिवस आश्रमात काढायचे, खादी घालायची, श्रमदान करायचे. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तिथल्या घराघरांत जाऊन तब्येती तपासायच्या. पुढे पदव्युत्तर शिक्षण याच संस्थेत हवे असेल तर आधी ग्रामीण भागातल्या केंद्रांवर सेवा करायची. खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारचा, एक वाटा राज्याचा आणि उरलेला कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा.

या व्यवस्थेत काय होते ते नीट बघा. तीन तासांच्या पेपरात मिळालेले गुण पुरेसे नाहीत, असे एका नामवंत वैद्यकीय संस्थेने उघडपणे मान्य केले होते. डॉक्टर कुणासाठी तयार करायचा आहे हे आधी ठरवले आणि त्यावरून निवड कशी करायची ते ठरवले. आरक्षणाचे मूळ तत्त्व याहून वेगळे काय आहे? समाजाला कुठल्या घरांतून, कुठल्या गावांतून आलेले डॉक्टर, वकील, प्राध्यापक हवेत हे समाजाने ठरवायचे आणि त्याप्रमाणे दार बांधायचे. सेवाग्रामच्या गांधी पेपरला कुणी गुणवत्तेचा खून म्हटले नाही. राखीव जागेला मात्र तो शब्द रोज ऐकावा लागतो. ‘नीट’ सक्तीची झाल्यावर ही स्वतंत्र परीक्षा संपली. सगळ्या देशाला एकच मोजपट्टी आली. तिचे फायदे आहेत, देणगी घेऊन प्रवेश देणाऱ्यांना तिने चाप लावला. पण सेवाग्रामने विचारलेला प्रश्न त्या पट्टीवर कुठेच मावत नाही, आणि तो प्रश्न हरवला याची हळहळ मला वाटते.

सावंगीची गोष्ट एका संस्थेची म्हणून सांगायची नाही. ती महाराष्ट्राच्या एका मोठ्या निर्णयाची गोष्ट आहे. १९८३ च्या सुमारास वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढे वैद्यकीयही आली. गावोगावी इमारती उभ्या राहिल्या आणि जागा वाढल्या हे खरेच आहे; विदर्भातल्या असंख्य मुलांना घराजवळ शिकता आले. पण देणग्यांचा प्रकार इतका वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. मग न्यायालयीन लढाया सुरू झाल्या. ऑगस्ट २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खासगी विनाअनुदानित संस्थांवर राज्य आपले आरक्षण लादू शकत नाही. खटला महाराष्ट्रातला होता हे ध्यानात ठेवावे. संसदेने त्याला उत्तर म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती केली, कलम १५ मध्ये पाचवे पोटकलम घातले आणि खासगी संस्थांतही आरक्षणाचा कायदा करण्याची मुभा सरकारांना दिली. २०१४ साली न्यायालयाने ते पोटकलम वैध ठरवले. महाराष्ट्राने २००६ साली खासगी व्यावसायिक संस्थांसाठी कायदाही केला. केंद्राने त्याच वर्षी केंद्रीय संस्थांचा कायदा केला, २००८ मध्ये अशोक कुमार ठाकूर निकालाने त्यातले इतर मागासांचे २७ टक्के टिकले. पण देशभरातल्या खासगी अभिमत विद्यापीठांना लागू होईल असा कायदा केंद्राने अजून केलेला नाही. मुभा घटनेत आहे, कायदा नाही. म्हणून सावंगीला जात विचारली जात नाही. त्यात त्या संस्थेचा दोष काही नाही, ती कायद्याप्रमाणे चालते. दोष असेल तर तो वीस वर्षे मुभा हातात ठेवून बसलेल्या संसदेचा आहे.

अशा विद्यापीठांत एमबीबीएसचे एका वर्षाचे शुल्क बहुतेक ठिकाणी वीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. हिंगणघाट-समुद्रपूरकडच्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याने जन्मभर विकलेल्या मालाची बेरीज केली तरी साडेचार वर्षांचे शुल्क निघणे अवघड. त्या जागेवर बसणारा विद्यार्थी ‘नीट’ पात्र असतो, पण त्याच्यापेक्षा पुष्कळ वर असलेली शेकडो मुले पैशामुळे त्या यादीकडे बघतही नाहीत. गुण कमी असताना जागा मिळणे, हाच आक्षेप असेल तर तो इथेही तितकाच लागू व्हायला हवा. तो लागू होत नाही. पैशाने मिळालेल्या जागेला आपल्याकडे कुणी हिणवत नाही, कोट्यातून आलेल्या डॉक्टरकडे ऑपरेशन करून घ्यायची भीती वाटते असे त्याच्याबद्दल कुणी म्हणत नाही. हा फरक माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर समोरून येणारे म्हणणे मी टाळणार नाही. खुल्या प्रवर्गातली गरीब मुले आहेत. देवळी-सेलूकडच्या एखाद्या ब्राह्मण, मराठा किंवा राजपूत घरात दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर कर्ज असते. तिथल्या मुलीला चार गुणांनी जागा हुकली आणि शेजारच्या प्राध्यापकाच्या मुलाला प्रवर्गातून मिळाली, तर तिला काय वाटेल हे समजण्यासाठी मोठ्या अभ्यासाची गरज नाही. तिचे दुःख खरे आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांची मला चीड येते. पण त्या दुःखाचे कारण शोधताना जागा किती आहेत, त्यातल्या किती परवडण्याजोग्या आहेत, हे आधी मोजावे लागेल. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे तेरा लाख. इथे दोन नावाजलेली वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पण सरकारी एकही नव्हते. २०२३ साली राज्याने नऊ नव्या सरकारी महाविद्यालयांना मान्यता दिली त्यात वर्ध्याचे नाव आले, आणि ते हिंगणघाटला व्हावे म्हणून तिथली माणसे रस्त्यावर उतरली. आरक्षणाच्या बाजूची आणि विरोधातली, दोन्ही घरे त्या आंदोलनात एकत्र होती. परवडणारी जागा वाढली तर भांडण निम्मे होईल, हे लोकांना कळते.

आर्थिक दुर्बलांसाठी २०१९ पासून दहा टक्के आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते वैध ठरवले. त्याची उत्पन्नमर्यादा आठ लाख. इतर मागासांची नॉन-क्रिमिलेअरची मर्यादाही आठ लाखच. एका घराला आठ लाखांच्या वर गेल्यावर ‘पुढारलेले’ ठरवले जाते, दुसऱ्याला आठ लाखांपर्यंत ‘दुर्बल’ मानले जाते. वैद्यकीयच्या अखिल भारतीय कोट्यात २०२१ मध्ये इतर मागासांना २७ आणि आर्थिक दुर्बलांना १० टक्के दिले गेले, तेव्हा हा आकडा कशावरून आला असे खुद्द न्यायालयाने सरकारला विचारले होते. त्याच प्रकरणात, नील ऑरेलिओ नन्स खटल्यात, २० जानेवारी २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. ए. एस. बोपन्ना यांच्या खंडपीठाने गुणवत्तेबद्दल सविस्तर लिहिले. खुली स्पर्धा परीक्षा सगळ्यांना एकाच रेषेवर उभे करते असे वाटते, पण तिथपर्यंत पोहोचताना कुणाच्या मागे शिकलेले घर, शिकवणी आणि मोकळा वेळ होता, हे गुणपत्रिका सांगत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. लातूर, नांदेड, नागपूर किंवा कोट्याला वर्षभर खोली घेऊन राहणारा मुलगा आणि सकाळी कापूस वेचून दुपारच्या एसटीने शिकवणीला येणारी मुलगी यांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यात बुद्धीचा वाटा किती, हे सांगणारे यंत्र अजून निघालेले नाही.

एक गैरसमज इतका पसरलेला आहे की प्रस्तावनेतच दूर करायला हवा. खुला प्रवर्ग म्हणजे वरच्या जातींसाठी राखीव नव्हे. राज्याच्या यादीत अनुसूचित जातींना १३, जमातींना ७, इतर मागासांना १९, विमुक्तांना ३ आणि भटक्यांच्या तीन गटांना मिळून ८ टक्के जागा आहेत. या आणि इतर राखीव जागा वगळून उरलेल्या खुल्या जागांवर कुठल्याही जातीचा विद्यार्थी आपल्या गुणांवर बसू शकतो, आणि बसतो. वर्ध्यातल्या कुणबी, तेली, बौद्ध घरांतली किती तरी मुले दरवर्षी खुल्या यादीत असतात. त्यांनाही वर्गात कोट्यातलेच समजले जाते.

आता कागदांकडे येतो. आरक्षणाचा वाद वर्तमानपत्रांत तत्त्वाचा असतो. घरात तो फायलीचा असतो. जून महिन्यात तहसील कार्यालयाच्या आवारातल्या सेतू केंद्रावर जाऊन उभे राहावे. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मुलाची टीसी, वडिलांचा शाळेचा दाखला, आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीपासूनचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. कुणब्याच्या घरात सातबारा आणि जुनी हक्कनोंद सापडते. पारध्याच्या बेड्यावर काय सापडणार? ज्या जमातीला गुन्हेगार जमाती कायद्याने पिढ्यानपिढ्या ठाण्यात हजेरी लावायला लावली, जिला ना जमीन ना शाळा, तिच्या नातवाकडे आपण आजोबांचा शाळेचा उतारा मागतो. दाखला मिळाला तर पडताळणी. त्यासाठी २००० सालच्या राज्य कायद्याने समित्या नेमल्या. मुदतीत वैधता प्रमाणपत्र आले नाही की मिळालेली जागा जाते. जिच्यासाठी राखीव जागा सर्वांत गरजेची, ती मुलगी दारापर्यंत येते आणि कागदाअभावी परत फिरते. तिचे नाव कुठल्याच यादीत नसते, त्यामुळे वादात तिच्या बाजूने कुणी बोलत नाही.

पडताळणी मात्र हवीच, आणि त्याचे कारणही विदर्भातच घडले. हलबा-कोष्टींचा प्रश्न इथे वर्षानुवर्षे पेटत राहिला. स्वतःला हलबा या अनुसूचित जमातीचे म्हणवून एका विद्यार्थ्याने वैद्यकीय प्रवेश घेतला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद म्हणून तो प्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २००० मध्ये निकाल लागला: कोष्टी हे हलबा जमातीत येत नाहीत, राष्ट्रपतींच्या आदेशातली यादी न्यायालयाला किंवा राज्याला ताणता येणार नाही. तोवर शिक्षण पूर्ण झालेले असल्याने पदवी मात्र कायम ठेवली. एका खऱ्या आदिवासी मुलाची जागा गेली हेही न्यायालयाने नमूद केले. गोवारींची कथा त्याहून विदारक. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर त्यांचा मोर्चा गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसे मेली. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना आदिवासी मानले, १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. मधल्या काळात प्रवेश घेतलेल्या मुलांना संरक्षण मिळाले, त्यांच्या धाकट्या भावंडांना नाही. आपण कोण, याचे उत्तर न्यायालयाच्या तारखेवर ठरते तेव्हा त्या घरातल्या मुलांच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना बाहेरच्याने करू नये.

पुढचा वाद आरक्षणाच्या आतला आहे आणि तो येत्या काही वर्षांत वाढणार. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मतांनी अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण वैध ठरवले. विदर्भात बौद्ध समाजाने आंबेडकरांच्या सांगण्याप्रमाणे शिक्षण धरले, म्हणून तो पुढे गेला. मांग, मेहतर, खाटीक घरे मागे राहिली. मातंग समाजाची वेगळ्या वाट्याची मागणी त्यामुळे समजण्यासारखी आहे, आणि ती मागणी बौद्धांवर आरोप म्हणून मांडली जाते तेव्हा होणारा त्रासही समजण्यासारखा आहे. मराठा आरक्षणाने कुणबी अस्वस्थ आहेत. २०१८ चा कायदा ५ मे २०२१ रोजी रद्द झाला, २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी नोंदींची वाट मोकळी केली. वर्ध्यात मराठा थोडे आणि कुणबी-तेली बहुसंख्य. एकोणीस टक्क्यांत मराठवाड्यातून नवे भागीदार येतील ही इथली भीती. काही वर्षांपूर्वीपर्यंत वैद्यकीय प्रवेशात सत्तर-तीसचा विभागीय नियम होता, विदर्भातल्या सत्तर टक्के जागा विदर्भाच्या मुलांना. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने तो काढून टाकला. जातीच्या कोट्यावर भांडणारी दोन्ही घरे त्या विभागीय कोट्याच्या बाजूने मात्र एकमुखाने बोलत. आपला नियम तो न्याय, दुसऱ्याचा नियम ती सवलत, ही सवय कुठल्या एका जातीची नाही.

दाराच्या आत काय होते हे या वादात सर्वांत कमी बोलले जाते. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’चा अहवाल दिला. वसतिगृहात वेगळे पाडणे, शिक्षकांचे दुर्लक्ष, तोंडी परीक्षेतला दुजाभाव यांच्या तक्रारी त्यात नोंदवलेल्या आहेत. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉ. पायल तडवी गेली. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातली. तिच्या मृत्यूनंतर वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा गुन्हा दाखल झाला आणि खटला न्यायालयात गेला. राखीव जागेने तिला दारातून आत नेले. आत तिच्यासाठी काही बदललेले नव्हते. शिष्यवृत्तीचेही तसेच: मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून, आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानापासून आहे, पण आज महाडीबीटीवर अर्ज भरून पैसे हातात पडेपर्यंत सत्र संपलेले असते आणि मेसचे बिल थकलेले असते. वसतिगृहात जागा नसलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, तिचीही रक्कम उशिरा येते.

म्हणून या संग्रहातले लेख वाचताना एक मागणी मी वाचकांपुढे ठेवतो, मग ते वादाच्या कुठल्याही बाजूचे असोत. सेवाग्राम, सावंगी, हिंदी विश्वविद्यालय, शिक्षा मंडळ या शिक्षणसंस्थेची आणि नागपूर विद्यापीठाला जोडलेली जिल्ह्यातली सगळी महाविद्यालये यांनी दरवर्षी प्रवर्गनिहाय आकडे जाहीर करावेत: किती अर्ज आले, किती प्रवेश झाले, पडताळणीअभावी किती गेले, पहिल्या वर्षानंतर किती मुलांनी शिक्षण सोडले, किती वेळेत उत्तीर्ण झाले, शुल्काच्या कुठल्या टप्प्यात कोण बसले. अनिवासी कोट्यातून आलेल्यांचे निकालही त्याच तक्त्यात यावेत. केंद्राने पुढच्या जनगणनेत जातींची मोजणी करायचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे; त्या आकड्यांशी हे आकडे जोडता आले, तर मांग किती मागे आहेत, कुणबी-तेल्यांचा वाटा किती, खुल्या प्रवर्गातली गरीब मुलगी कुठे अडली, यावर अंदाजाने बोलायची गरज उरणार नाही. महाविद्यालयांच्या कार्यालयांत ही माहिती आजही रजिस्टरांत आणि संगणकांत पडलेली आहे. ती मागायला विद्यार्थ्यांच्या सगळ्या संघटनांनी एकत्र जावे.